वारुळावरची अळंबी ओळखण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी अळंबी आजवर फक्त ढाब्यावरच्या मटर-मशरूममध्ये किंवा प्लास्टिकच्या डबीत पाहिली, आणि मृगाचा पाऊस पडला की ज्यांना एकाएकी रानात जाऊन काहीतरी खुडून आणावंसं वाटतं, अशा सज्जनांसाठी ती लिहिली आहे. जाणकारांनी वाचू नये. ते तसंही वाचणार नाहीत. ते पहाटेच टोपली घेऊन गेलेले असतात, आणि तुम्ही पोचता तेव्हा तिथं देठांची भोकं तेवढी उरलेली असतात.

कार्यक्षेत्र असं: बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतला भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, चिंचोळी हा पट्टा. पलीकडं उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या तेव्हापासून इथल्या गावांवरून दोन सरकारांत वाद आहे, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात आपल्याला पडायचं नाही. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की या पट्ट्यात तिला अळंबी म्हणा, कुत्र्याची छत्री म्हणा, कानडीत अणबे म्हणा की नायिकोडे म्हणा, ‘कुठं मिळते?’ या प्रश्नाला समोरचा माणूस सगळ्या भाषांत सारखंच तुटक उत्तर देतो. त्याचं कारण पुढं येईलच.

साहित्य

वेताची किंवा बांबूची टोपली. पिशवी नको. प्लास्टिकमध्ये अळंबी घामेजते आणि घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो.

काठी. वारूळ वाळवी बांधते, पण त्यात पोटभाडेकरू दुसरेच असतात. नाग असतो, घोणस असते, आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की दोघंही बाहेर हवा खायला येतात. काठी त्यांना मारायला नाही. आपण येतोय हे कळवायला आहे.

जुनी लग्नपत्रिका. शक्यतो एका बाजूला गडद रंग आणि दुसऱ्या बाजूला पांढरा असलेली. उपयोग पाचव्या पायरीत.

आणि एक अक्का.

अक्का हे या सर्वांतलं मुख्य उपकरण. ती तुमच्या नात्यातली असलीच पाहिजे असं नाही, पण त्याच गावात नांदलेली असली पाहिजे, आणि तिची सासूही त्याच रानात हिंडलेली असली तर उत्तम. चिंचोळीकडं गेलात तर लमाण तांड्यावरची एखादी याडी, म्हणजे आई, मिळाली तरी चालते. रान तिच्या दाराशीच सुरू होतं. अक्का विकत मिळत नाही, मागवता येत नाही, आणि तिला ‘जरा फोटो पाठवते का’ असं विचारता येत नाही. अक्का नसेल तर मार्गदर्शिका इथंच मिटावी आणि बाजारातून धिंगरी आणावी. कृषी विज्ञान केंद्रवाले तिच्या लागवडीचं प्रशिक्षण देतात, भुसकटावर ती सुखानं वाढते आणि कुणाचा जीव घेत नाही.

मोबाईलवरचं ओळख-ॲप साहित्यात धरलेलं नाही. फोटो काढला की ते एक लॅटिन नाव देतं आणि शेजारी खात्रीची टक्केवारी देतं. शंभरातून ती वजा केल्यावर जे टक्के उरतात ते कुणाच्या पोटात जायचे, हे मात्र ते सांगत नाही.

पायरी पहिली: पाऊस ओळखा

अळंबी ओळखण्याआधी पाऊस ओळखावा लागतो. मृगाच्या पहिल्या सरीला उड्या मारत निघू नका. ती सर धुळीची. जमीन आतून भिजली पाहिजे. आर्द्रा बरसल्या, पुनर्वसूचा तरणा पाऊस झाला, पुष्याचा म्हातारा लागून राहिला, मध्येच एक-दोन दिवस ऊन पडून उकाडा वाढला, की मग. या पट्ट्यात पावसाचा भरवसा कोकणासारखा नाही. एखाद्या साली तरणा म्हाताऱ्यासारखा वागतो आणि म्हातारा येतच नाही. त्या साली नवशिक्यानं घरी बसून ही मार्गदर्शिका पाठ करावी.

विजेबद्दल गावात ऐकू येतंच: आभाळ कडाडलं की अळंबी फुटते. यावर हसू नका. जपानातल्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी शिटाके अळंबीच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके दिले आणि उत्पन्न वाढल्याचं दाखवलं. त्यासाठी त्यांना यंत्र बांधावं लागलं. आपल्या आज्यांनी हेच वाक्य चुलीपुढं बसून सांगितलं होतं. त्यांना यंत्र लागलं नव्हतं, आणि कुणी विद्यापीठात बोलावलंही नव्हतं.

पायरी दुसरी: माती ओळखा

बीदर जांभ्याच्या पठारावर वसलं आहे. तो दगड सच्छिद्र, विटकरी लाल, पाणी पिणारा. बहमनींच्या काळात याच दगडाच्या पोटातून कारेझ, म्हणजे भुयारी कालवे, खोदून नौबादकडचं पाणी खेळवलं गेलं. या लाल, मुरमाड जमिनीवर वारुळं चांगली उभी राहतात. खाली उतरून तुरीच्या काळ्या रानात गेलात, तर ती माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चपलेला चिकटते. अशा हलत्या जमिनीत तळघरं बांधणं वाळवीला परवडत नाही. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच जमिनीच्या जोरावर. तिथं डाळ शोधा. अळंबी लाल जमिनीत शोधा.

मातीवरून आठवलं. बिदरी काम करणारे कारागीर किल्ल्यातली माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवतात आणि चवीवरून सांगतात की ही चालेल, ही नाही. त्या मातीच्या काढ्यात जस्ताचं भांडं काळंभोर होतं आणि त्यात बसवलेली चांदी तशीच झळकत राहते. नवशिक्यानं ही पारख पाहायला जरूर जावं. पण चाखून ओळखण्याची पद्धत मातीपुरतीच ठेवावी.

पायरी तिसरी: वेळ

पहाट.

पायरी चौथी: वारूळ आणि त्याचा मालक ओळखा

इथं घाई करू नये. या मार्गदर्शिकेचा सगळा जीव या पायरीत आहे.

वारूळ मुंग्यांचं, असा समज आहे. ते वाळवीचं. बांधावर, लिंबाच्या बुडाशी, स्मशानाकडच्या वाटेवर लाल मातीचं शिखरांचं जे वारूळ दिसतं ते आपल्याकडं बहुधा ओडोन्टोटर्मिस या वाळवीचं असतं. ही वाळवी लाकूड आणि पालापाचोळा चावते, पण ते तिला पुरतं पचत नाही. म्हणून ती शेती करते. चघळलेला, अर्धवट पचलेला चोथा विष्ठेवाटे बाहेर काढून जमिनीखालच्या कोठ्यांत रचते. त्याचं करड्या रंगाचं, भोकाभोकांचं पोळं होतं आणि त्यावर एक बुरशी वाढते. ही बुरशी लाकडातला कठीण अंश फोडते. मग वाळवी ते मऊ झालेलं पोळं आणि त्याच्यावरचे बारीक पांढरे दाणे खाते. कोठीत ३० अंशांच्या आसपास ऊब आणि कायमची दमट हवा राहील याची व्यवस्था ती वारुळाच्या बांधणीतूनच करते.

ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, असं संशोधक सांगतात. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. इतक्या काळात या शेतकऱ्यानं एकदाही पहाणीचा उतारा काढायला तहसीलच्या खिडकीत रांग लावलेली नाही.

बुरशीच्या या कुळाला रोजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये टर्मिटोमायसीस हे नाव दिलं. पुढं १९७९ मध्ये के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका जातीचं वर्णन केलं आणि हाइमचंच नाव तिला ठेवलं: टर्मिटोमायसीस हाइमाय. आफ्रिकेतल्या झांबियाकडं याच कुळातली एक जात आहे, तिची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते. आपल्याकडं तेवढी नाही. आपल्याकडं पावसाचाच तुटवडा.

जमीन भिजली की ही बुरशी कोठीतून वर यायला निघते आणि छत्री होऊन बाहेर पडते. आता ओळख. रंग पांढरा ते राखाडी-तपकिरी. छत्रीच्या मधोमध एक टणक, बोथट टोक असतं, कारण तिला डोक्यानं माती फोडायची असते. खालच्या पडद्या पांढऱ्या, वय झालं की किंचित गुलाबी. देठावर बहुतेक जातींत कडं नसतं. हे सगळं नीट पाठ करा आणि बाजूला ठेवा, कारण खरी ओळख छत्रीत नाही. ती खाली आहे. देठ जमिनीत शिरल्यावर संपत नाही. तो निमुळता होत, मुळासारखा खाली जात राहतो, हातभर, कधी त्याहून जास्त, थेट वाळवीच्या कोठीपर्यंत. वरची छत्री कुणीही घालू शकतं. हा धागा वारुळात पोचलेला असणं कुणाला सोंगाड्यासारखं उभं करता येत नाही.

म्हणूनच अक्काची तपासणी नवशिक्याला चमत्कारिक वाटते. तुम्ही धापा टाकत जाता, टोपली पुढं करता, ‘अक्का, ही खायची का?’ विचारता. अक्का टोपलीत बघतच नाही. ती विचारते, “कुठून आणलाव?”

“त्या लिंबापाशी.”

“मुळी कुठाय?”

मुळी तुम्ही वरच तोडलेली असते. पुस्तकात देठ कापून घ्यावा असं होतं.

“मग काय सांगू? टाका तिकडं.”

तुम्ही म्हणता, फोटो काढलाय. अक्का भाकरी उलटते.

या प्रसंगातून नवशिक्यानं राग शिकू नये, पद्धत शिकावी. तिच्या डोक्यात अळंबीचं वर्णन नाही, पत्ता आहे. कुठल्या बांधावरचं कुठलं वारूळ, कुठल्या नक्षत्राच्या सुमारास, गेल्या साली किती आली, परवाच्या दुष्काळात आली नव्हती. वारूळ जितं असेपर्यंत त्याच जागेवर साल-दरसाल अळंबी येते. सासूनं दाखवलेलं वारूळ सून ओळखते. अनोळखी जागेवरची हुबेहूब तशीच अळंबी मात्र ती आणत नाही.

एक अपवाद सांगणं भाग आहे, नाहीतर कुणीतरी जाणता पत्र लिहील. याच कुळातली एक अगदी चिमुकली जात असते, नखाएवढ्या छत्र्या, शेकड्यानं. वाळवी जुन्या पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यांवर ही उगवते, त्यामुळं तिला लांब मुळी नसते. म्हणजे आत्ताच शिकवलेला नियम तिला लागू नाही. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. इतक्या लहान वस्तूच्या शंभर नगांत एक परकी मिसळलेली ओळखणं अक्कालाही डोळे बारीक करून करावं लागतं.

सोंगाड्यांची यादी (अपुरी)

पहिला सोंगाड्या सगळ्यांत देखणा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. पावसानंतर गवतावर, शाळेच्या मैदानात, सरकारी विश्रामगृहाच्या हिरवळीवर, खताच्या ढिगाजवळ ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या, मधोमध तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं. नवशिक्या हिला पाहून हमखास फसतो, कारण ती पुस्तकातल्या चित्रासारखी दिसते आणि चालत जाण्याचे कष्ट पडत नाहीत. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात पीळ. जीव सहसा जात नाही, पण काही तास तो गेला असता तर बरं असं वाटतं. हिच्या पडद्या वयानुसार हिरवट होतात, पण कोवळ्या असताना पांढऱ्याच असतात. म्हणजे फसवायची वेळ असते नेमकी तेव्हाच ती गोरी असते.

दुसरा, उकिरड्यावरची शाईवाली. ही काही तासांत काळी होऊन स्वतःच्याच शाईत विरघळते. हिच्या जवळच्या नात्यातली एक जात एरवी खपून जाते, पण तिच्यासोबत किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. व्यसनमुक्तीवाल्यांनी हिचा प्रचार करू नये, एवढीच विनंती.

तिसरी पोडॅक्सिस, कोरड्या मुलखातली. उंच, दंडगोल, न उघडलेल्या छत्रीसारखी. हिची खोड अशी की तीसुद्धा वारुळाच्या आसपास उगवताना दिसते. नवशिक्याला वाटतं, चला, वारूळ आहे म्हणजे झालं. नाही झालं. वारुळाजवळ असणं वेगळं आणि वारुळातून निघणं वेगळं.

चौथं नाव अमानिटा. तिच्याविषयी विनोद करत नाही. या कुळातल्या काही जातींचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही. खाल्ल्यावर सहा तास, बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या आत यकृत संपत असतं. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं दगावली, त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यांतली. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या रानातलं खुडून खाणारीच होती.

पायरी पाचवी: ठसा घ्या

आता लग्नपत्रिका. छत्री देठापासून वेगळी करा, पडद्या खाली करून पत्रिकेवर अशी ठेवा की अर्धी पांढऱ्या भागावर आणि अर्धी गडद भागावर येईल. वर वाटी पालथी घाला. रात्रभर हात लावू नका, मांजरालाही लावू देऊ नका. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. टर्मिटोमायसीसचा फिकट गुलाबी. क्लोरोफायलमचा हिरवट. अमानिटाचा पांढरा, म्हणून तर गडद बाजू हवी. डबीतल्या बटण अळंबीच्या रानातल्या बहिणींचा चॉकलेटी.

हा ठसा फार सुंदर येतो. वधूपित्याच्या नावावर किरणांसारख्या रेषा उमटतात. पण गुलाबी दिसला म्हणून कढई चढवू नका. एन्टोलोमा नावाचं आणखी एक कुळ आहे, त्याचाही ठसा गुलाबीच असतो आणि त्यात विषारी जाती आहेत. ठसा ‘नाही’ म्हणायला उपयोगी पडतो. ‘हो’ म्हणायला पुरत नाही. लग्नपत्रिकेचंही तसंच असतं, पण तो विषय इथला नाही.

पायरी सहावी: घरगुती चाचण्या, आणि त्या का करू नयेत

भाजीत चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर विष. शिजताना लसूण टाकायचा, निळा झाला तर विष. तांदूळ टाकायचे, लाल झाले तर विष. किड्यांनी खाल्ली असेल तर माणसाला चालते. गोगलगाईनं खाल्ली असेल तर नक्कीच चालते.

सगळ्या खोट्या. गोगलगाय जे पचवते ते तुमच्या यकृतानं पचवावं असा कुठला करार झालेला नाही. अळंबीचं विष चांदीला कळत नाही. आणि बीदरमध्ये राहून चांदी काळी पडण्यावर भिस्त ठेवणं तर अगदीच नवल. इथली सगळी कारागिरीच भांडं काळं होऊन चांदी पांढरी राहते यावर उभी आहे.

पोटात काही गडबड वाटली तर वाट पाहू नका, ताक पिऊ नका, ‘पित्त झालं असेल’ म्हणू नका. बीदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. डॉक्टरला वर्णन ऐकण्यापेक्षा वस्तू पाहायला आवडते. याबाबतीत डॉक्टर आणि अक्का एकाच बाजूचे.

पायरी सातवी: श्रावण

अळंबीचा भर आणि श्रावण एकमेकांवर येतात, त्यामुळं स्वयंपाकघरात घटनात्मक पेच उभा राहतो. अळंबी शाकाहारी की मांसाहारी?

मनुस्मृतीनं लसूण-कांद्याच्या पंगतीत बसवून कवकंही द्विजांना वर्ज्य ठरवली आहेत. बसवकल्याणकडच्या अनेक लिंगायत घरांतही तिच्याकडं संशयानं पाहिलं जातं, कारण शिजल्यावर वास आणि चव मटणाच्या अंगानं जाते. जीवशास्त्राला विचारावं तर ते आणखी घोळ घालतं: बुरशी ही वनस्पती नाही, वंशावळीनं ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, जे खेकड्याच्या कवचात असतं. सासूबाईंना हे सांगू नका. सांगितलंत तर पातेलं वेगळं निघेल आणि ते नंतर तुम्हालाच घासावं लागेल. मटण खाणाऱ्या घरांत पेच उलटा: तिथं श्रावण पाळणारे पुरुष अळंबीला ‘भाजीच तर आहे’ म्हणून दोनदा वाढून घेतात.

त्यात नागपंचमी. त्या दिवशी बाया वारुळाला जातात, हळदकुंकू वाहतात, लाह्या-दूध ठेवतात. त्या दिवशी खणायचं नाही, नांगरायचं नाही, चिरायचं नाही. अळंबीच्या दृष्टीनं हा वर्षातला सर्वांत शहाणा दिवस. कारण नवशिक्याची सर्वांत मोठी खोड म्हणजे मुळी कुठवर जाते ते पाहायला खुरपं चालवून वारूळच फोडणं. फोडलंत तर आतली शेती गेली आणि पुढच्या सालची भाजी गेली. देठ बोटांत धरून हळू पीळ द्यायचा आणि उपसायचा. येईल तेवढी मुळी येते.

सगळ्या काढू नका, हेही त्याच हिशेबात. कळ्या चवीला उत्तम म्हणून लोक न उघडलेल्याच खुडतात. पण उघडलेल्या छत्रीतूनच बीजाणू उडतात, आणि पावसाळ्यात नवा संसार मांडणाऱ्या बहुतेक जातींच्या वाळव्या आपल्या शेतीचं बियाणं बाहेरून गोळा करतात. बियाणंच उरलं नाही तर नव्या वारुळात पेरणार काय? गोव्यात हीच अळंबी ओळमी या नावानं रस्त्याच्या कडेला पानांच्या जुड्यांत विकली जाते, भाव ऐकून माणूस गाडी पुढं घेतो आणि मग परत मागं घेतो. तिथं प्रा. नंदकुमार कामत यांनी या ओरबाडण्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं आहे. ही अळंबी व्यापारी प्रमाणावर शेडमध्ये पिकवणं माणसाला जमलेलं नाही. तिला वाळवीच लागते.

आणखी एक. चिंचोळीचं रान आता २०११ पासून अभयारण्य आहे, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं, आत चंद्रमपल्लीचं धरण. तिथं पाहायला जा, लांडगा-तरस दिसले तर नशीब, पण टोपली गाडीतच राहू द्या. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो गार्डला मराठीत समजावून सांगता येत नाही.

कृती

अळंबी अक्कानं आणली असेल आणि अक्कानं आधी खाल्ली असेल तरच. माती झटका, मुळीची साल खरवडा, हातानं फाडा. तेलात कांदा, लसूण, काळं तिखट, शेंगदाण्याचं कूट. पाणी घालू नका, ती स्वतःचं सोडते. ज्वारीची भाकरी. उरत नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशीच्या सूचना देत नाही.

नवशिक्यांच्या शंका

*मी या मार्गदर्शिकेवरून अळंबी ओळखली. खाऊ का?*

नाही.

*सगळी लक्षणं जुळली. टोक आहे, मुळी आहे, वारूळ आहे, ठसा गुलाबी आला.*

छान. अक्काला दाखवा.

*अक्का म्हणाली, हो, हीच.*

मग अक्काच्या घरी जेवायला बसा.

*पण तुमचं वारूळ नेमकं कुठं आहे? मार्गदर्शिकेत जागेचा उल्लेख सापडला नाही.*

अगदी सोपं आहे. बीदर-उदगीर लाइनीवर हालबर्ग्याला उतरा. स्टेशनातून बाहेर पडलं की एक बांध लागतो, त्यावर लिंबाचं झाड आहे. तिथून डावीकडं. पुढंही बांध आहे, त्यावरही लिंबाचंच झाड आहे, तिथून उजवीकडं. मग थोडं चालल्यावर कुणीतरी म्हैस घेऊन येताना दिसेल. त्यांना मराठीत विचारा. नाही कळलं म्हणाले तर उर्दूत विचारा. तरी नाहीच म्हणाले तर कानडीत विचारा. फार मायाळू माणसं आहेत. चहा पाजतील, पिकापाण्याचं बोलतील, तुमची टोपली बघून ‘काय धरायला आलाव, मासे का?’ म्हणतील, आणि स्वतः स्टेशनवर येऊन तुम्हाला उदगीरच्या गाडीत बसवून देतील.